कॉइल चांगली आहे

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकशील. दर रविवारी हॅम रेडिओच्या सेटवर बोलतोच की आपण, मग हिला कागद खरडायचं काय सुचलं, म्हणशील. पण सेटवर बाबा शेजारी असतात आणि फोनवर तुझ्यापुढे माझी बोबडी वळते. आधी सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत. सोल्डरच्या धुराने पडदे काळे झाले, हे आईचं पालुपदही उत्तम तब्येतीत आहे.

आपला सेट बिघडलाय असं तुला वाटत असेल, पण बिघडलेला नाही गं तो. मध्यंतरी बाबा म्हणाले, ताईचा आवाज तोंडात बोळा कोंबल्यासारखा येतोय. मी तपासायला बसले. स्पीकर बदलला, संशय आलेले कपॅसिटर बदलले. मला आधीही स्वच्छ ऐकू येत होतं आणि नंतरही. शेवटी बाबांनीच शिकवलेली युक्ती केली. आवाजाच्या बटणामागच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं पातं लावलं, पात्याला बोट टेकवलं. स्पीकर घूं करून घुमला, म्हणजे तिथून पुढचं सगळं ठणठणीत. बाबांनी मान डोलावली, घूं त्यांनाही ऐकू आली होती. तेवढ्यात दारावरची बारीक घंटा किणकिणली. मी उठले, तर बाबांनी विचारलं, मध्येच कुठे निघालीस? तेव्हा कुठे मला उमगलं. जाडा आवाज त्यांना येत होता, बारीक येतच नव्हता. तुझ्या बोलण्यातले स आणि श गळून जे उरायचं, ते त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते अशा आशेने बघत होते की मी पुन्हा स्क्रूड्रायव्हरच उचलला. कॉइल असेल का गं, असं त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, हो बाबा, कॉइलच असणार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

त्यांची कॉइल कशी असायची, आठवतंय ना? पाइपच्या तुकड्यावर तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटलेला. रेडिओ क्लबातली माणसं हातात घेऊन बघत बसायची. सेटमधली तशीच कॉइल त्यांनी उसवली आणि पुन्हा गुंडाळली. आवाज तसाच. पुन्हा उसवली. तारेवरचं रोगण खरवडताना बोट कापून घेतलं, वेढे निसटले, चिडचिड झाली. दरवेळी माझ्याकडे बघून विचारायचे, आता कसं? आणि मी मेली म्हणायची, किंचित सुधारलंय. लाज वाटते गं सांगायला.

परवा त्यांनी सोल्डरिंग आयर्न वायर गुंडाळून डब्यात ठेवून दिलं. म्हणाले, हात गेले माझे. येत्या रविवारी ताईशी शेवटचं बोलतो, मग सेट क्लबाला देऊन टाक. तक्रार नाही, आदळआपट नाही. नुसते हात उलटेसुलटे करून बघत होते. कान जाताहेत त्यांचे, आणि मी त्यांना हात गेले असं वाटायला लावलं.

काल मात्र एक गंमत झाली. मी सेटवर मोर्सचे कडकट्ट संदेश लावले आणि त्यांचा सूर अगदी खाली उतरवला, भोंग्यासारखा जाडा. कुणीतरी अनोळखी माणूस हवामानाच्या गप्पा ठोकत होता. बाबा पाठमोरे बसून चहा पीत होते. हळूहळू त्यांचं बोट कपावर कडकट्ट करायला लागलं. त्या माणसाने एक अक्षर चुकवलं, तसे ते गालातल्या गालात हसले. मी मोरीत जाऊन रडून आले.

आता खरं ते सांगते. गेल्या रविवारी बाबांनी तुला विचारलं होतं, माझा आवाज कसा पोचतोय. बोलताना आणि ऐकताना सेटला कॉइल तीच, म्हणून. तू म्हणालीस, एकदम लख्ख, बाबा! त्यांना ते कळलं नाही, ते माझ्याकडे वळले. आधीचं खोटं निभवायला मी सांगितलं, ताई म्हणते तिकडेही बोळा कोंबल्यासारखाच येतोय. मेलं तरी आवाज कसा पोचतोय याचा खोटा रिपोर्ट द्यायचा नाही, हा आपल्या घरचा नियम. तू तर त्यांच्या वाढदिवसालासुद्धा, पिंपातून बोलताय, असं तोंडावर सांगितलंस आणि ते दिवसभर तुझं कौतुक करत फिरले. त्या तुझ्या तोंडी मी खोटं घातलं, आणि म्हणून त्यांनी आयर्न ठेवून दिलं. रविवारी तू सेटवर येण्याआधी मी सगळं कबूल करणार आहे, कानांचंही सांगणार आहे. रागावले तर रागावू देत. पण कॉइल चांगली आहे हे आता माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही, समजूत काढतेय म्हणतील. तेव्हा रविवारी तू बोलू नकोस. मोर्सची कळ शोधून काढ, धूळ पूस, आणि सावकाश ठोक की आवाज लख्ख आहे, कॉइल उत्तम आहे. सूर मी खाली उतरवून ठेवीन. मध्ये एक शब्द बोलणार नाही. त्यांचं त्यांना ऐकू दे.

तुझीच,
खोटा रिपोर्ट देणारी धाकटी