चष्म्याविना तलावात उतरू देण्याबाबत

दि. १६ ऑक्टोबर २०२५, सकाळी साडेनऊ
(तलावाच्या भिंतीवर बसून लिहिले)

प्रति,
मा. अध्यक्ष,
जलशोध साहित्य तपासणी समिती,
बीड.

विषय : मयत सुग्रीव यांचे प्रेत शोधण्यासाठी डुबकीच्या चष्म्याशिवाय पाण्यात उतरण्याची परवानगी आजच्या आज मिळणेबाबत.

संदर्भ : १) चष्म्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये, हा आपला १५ ऑगस्टचा आदेश.
२) काचेवरील लेपाबाबत माझा ८ सप्टेंबरचा तक्रार अर्ज.
३) मिठाच्या पिंपाची निरीक्षण वही.

अर्जदार : शेख ख्वाजा शेख उस्मान, मोटार मिस्त्री, रा. चौसाळा, ता. जि. बीड.

महोदय,

विनंतीपूर्वक सादर करतो की, मी बावीस वर्षांपासून विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढण्याचे काम करतो. मोटारींसाठी उतरता उतरता माणसेही काढावी लागली, ती आजवर एकोणीस. कमरेला दोर, छातीत दम आणि उघडे डोळे, एवढेच माझे साहित्य होते. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. बुडालेल्यांची तर नव्हतीच.

१) १५ ऑगस्ट रोजी आपण माझा सत्कार करून दोन चष्मे मंजूर केले. एक माझ्याकडे दिला, दुसरा राखीव म्हणून कार्यालयात ठेवला. काच पारदर्शक प्लॅस्टिकची असून तिच्यावर ओरखडे न पडू देणारा लेप आहे, असे आपण भाषणात सांगितले. यापुढे चष्म्याशिवाय पाण्यात उतरणार नाही, असे हमीपत्र त्याच व्यासपीठावर माझ्याकडून घेण्यात आले. फोटोच्या नादात मी ते न वाचताच त्यावर सही केली. ही चूक माझी आहे, ती कबूल करतो.

२) आमच्या विहिरींचा तळ मुरमाचा आहे. दोनच विहिरींत काच पांढरी पडली, म्हणून मी तक्रार दिली. त्यावर पुरवठादाराने कळवले की, लेप खाऱ्या पाण्यात एक वर्ष टिकेल अशी हमी आहे; अर्जदाराने चष्मा गोड्या पाण्यात वापरल्याने तक्रारीचा विचार करता येत नाही. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हा माझा अपराध धरण्यात आला.

३) समितीने यावर उपाय काढला. कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात निळे प्लॅस्टिकचे पिंप ठेवून त्यात खडेमीठ कालवण्यात आले आणि तीस दिवसांची चाचणी २२ सप्टेंबरला सुरू झाली. चाचणीचा नमुना न वापरलेलाच पाहिजे असा नियम निघाल्याने धडधाकट होता तो राखीव चष्मा पिंपात गेला आणि आंधळा झालेला माझ्याकडे राहिला. पिंपाजवळ "समुद्राचे पाणी, हात लावू नये" अशी पाटी आहे. समितीपैकी समुद्र किती जणांनी पाहिला आहे, हे विचारण्याचा मला अधिकार नाही.

४) १० ऑक्टोबरला मी स्वतः वही पाहिली. लेप दुधावरच्या सायीसारखा सुटून पाण्यावर आला होता. नोंद अशी आहे : "लेप पूर्णपणे सुटला. सुटलेल्या लेपावर ओरखडा आढळला नाही. सबब साहित्य समाधानकारक." महोदय, मी सातवी नापास आहे. तरी ही नोंद वाचून मला घाम फुटला, कारण पुढचा माणूस बुडेल तेव्हा मी काय करणार, हे तिच्यात कुठेच नव्हते.

५) तो माणूस परवा मंगळवारी बुडाला. सुग्रीव, वय पन्नास, मोटारीच्या पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाशी, फूटव्हॉल्व्हमध्ये, अडकलेले शेवाळ काढायला तलावात उतरले, ते वर आले नाहीत. पाण्याखाली बाभळी आहेत. बोटीवरचे पथक गळ टाकते, तो काट्यात अडकतो. मी मंगळवारी आठ आणि काल अकरा डुबक्या मारल्या. पांढऱ्या काचेतून मला फक्त पांढरे दिसले. हात काट्यांनी फाटले, त्याचे काही नाही. चष्मा काढू द्या, असे काठावरच्या आपल्या प्रतिनिधींना मी दोनदा विनवले. "तुमच्याच सुरक्षेसाठी हाय ते. वरून लेखी आणा, मग काढा," असे उत्तर मिळाले. उघड्या डोळ्यांना पाण्यात अंधुक दिसते, पण काळे-पांढरे कळते. डोळे लाल होतात, दोन दिवसांत निवळतात. त्यांना लेप लागत नाही.

६) सुग्रीव यांच्या पत्नी सारजाबाई तीन दिवसांपासून भिंतीवर बसून आहेत. नवरा जिवंत नाही हे त्यांना समजले आहे. त्यांचे मागणे एकच आहे, त्याचे तोंड ओळखू येते आहे तोवर बघायला मिळावे. पाण्यात माणसाचे तोंड किती टिकते, ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे त्याची चाचणी झालेली नाही. काल मी वर आलो तेव्हा बाई म्हणाल्या, "ख्वाजाभाई, तो चष्मा काढून बघा की. तुमाला डोळे हायेत न्हवं?" बावीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आदेश आपला होता आणि मान माझी खाली गेली.

७) पिंपातला चष्मा मागू नये, २२ तारखेपर्यंत चाचणी मोडता येत नाही, असे काल फोनवर कळवण्यात आले. तो मला नकोच आहे. त्याचाही लेप गेलेला आहे, काट्यांत तो पहिल्याच डुबकीला पांढरा पडेल. मला फक्त माझे डोळे वापरण्याची परवानगी हवी आहे.

तरी कृपया परवानगी द्यावी. हा अर्ज मोटारसायकलवर पाठवत आहे. बीडला पोचायला पाऊण तास लागेल, आवक क्रमांक पडायला किती लागेल ते सांगता येत नाही. म्हणून उत्तराची वाट न पाहता मी आता उतरत आहे. हमीपत्र मोडल्याबद्दल जी कारवाई करायची ती करावी, मी चौसाळ्यातच राहतो.

उत्तर आलेच, तर मी पाण्यात असेन. ते सारजाबाईंकडे द्यावे. त्यांना वाचता येत नाही. परवानगी नाकारली असल्यास, ज्यांनी नाकारली त्यांनी स्वतः येऊन त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

आपला, अद्याप नम्र,
शेख ख्वाजा शेख उस्मान
(सही)

सोबत : डुबकीचा चष्मा, नग एक. काचेतून हा अर्ज वाचून पाहावा.