सांध्यावर तुटलेली वेल

प्रिय भिंगरीस,

तुझा फोन लागत नाही. लागला तर कुणीतरी मुलगी गोड आवाजात सांगते, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. म्हणून शेवटी कागद घेतला. माझं अक्षर आता कोंबडीच्या पायांसारखं झालंय, सांभाळून घे. गुडघे कुरकुरतात, आपल्या कार्यशाळेतली कापडाची छपाई अजून मीच बघते. पण खिडकीजवळचं टेबल हल्ली रिकामं असतं. तिथे घुमी बसायची. यंदाच्या नव्या पोरींत सगळ्यात कमी बोलणारी, म्हणून हे नाव मीच ठेवलं. आता ती नक्षीकाम सोडायचं म्हणतेय, कुठल्याशा दुकानात कपडे विकायला उभी राहणार म्हणे. जीव तीळतीळ तुटतो गं माझा.

आपल्याकडची रीत तुला काय सांगायची! शिकून बाहेर पडलेल्या, पण कुणी दारात उभं न केलेल्या पोरीला वर्षभर टेबल, रंग, कापड द्यायचं, आणि तिचं पहिलं काम जुन्यांपैकी कुणी मिळवून द्यायचं. सुरुवात तुझ्यापासूनच झाली. तुझी नक्षी बगलेत मारून मी किती दुकानांचे उंबरे झिजवले! एकाने हाकललं तेव्हा तू बाहेर रडत बसलीस आणि मी पुन्हा आत जाऊन त्याच्याशी भांडले. एवढ्या मोठ्या कंपनीत तू नक्षी विभागाची प्रमुख झालीस, तर गल्लीभर मीच मिरवले. म्हणून घुमीला म्हटलं, पहिली नक्षी भिंगरीकडे पाठव, आपलीच आहे ती. तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं, काम पसंत नाही. असू दे. नकार पचवायला मी शिकवतेच.

पुढे घुमीची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरकडे गेली, तर तिथल्या खिडकीच्या पडद्यावर तिला तिच्या नक्षीतली वेल दिसली. मी म्हटलं, वेली काय, सगळ्या सारख्याच, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. मग स्वतः जाऊन पाहिलं. नक्षीचा एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर रेघेला रेघ मिळायला हवी, हे तुला मीच शिकवलं. घुमीची मिळत नव्हती, वेल तिथे बोटभर सरकून तुटायची. ती सुधार, असं मी तिला म्हणाले होते, पण उत्साहाच्या भरात तिने तशीच पाठवली. त्या पडद्यावर वेल तिथेच, तेवढीच तुटलेली, छतापासून जमिनीपर्यंत. अगं, चोरायचं तर निदान नीट बघून तरी! काठावर तुमच्या कंपनीचं नाव. मी मटकन खुर्चीत बसले. तिथल्या बाईला वाटलं, आजी दाढेला घाबरल्या.

हे तू केलंस की तुझ्या हाताखालच्या कुणी, मला ठाऊक नाही. पण तुझ्या सहीशिवाय तिथे चिंधीसुद्धा छापली जात नाही, हे तूच ऐटीत सांगायचीस. वकील-बिकील माझ्याच्याने होणार नाही, भांडायचंही त्राण नाही. घुमीने मला एकच विचारलं, नक्षी वाईट होती म्हणून परत आली, की चांगली होती म्हणून? मी चांगली म्हटलं, तर तिला वाटतं मावशी समजूत काढतेय. हे तिला तुझ्याच तोंडून ऐकायला हवं. तू ये, तिच्यासमोर बस आणि सांग. तसं बोललीस तर तुझी नोकरी जाईल, कळतं मला. तरीही ये म्हणते.

तुझीच, अजून तरी,
मावशी