चहासुद्धा न घेता

९ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. वाकायची मला सध्या मनाई आहे, तेव्हा हा उभ्यानंच मानून घे. कारण पुढे ओघात येईल, लगेच चष्मा कपाळावर चढवू नकोस. इकडे सगळं ठीक. वहिनीचे गुडघे काय म्हणतात? तुझं सकाळचं फिरणं चालूच असेल. निघायच्या आधी दोन कप चहा, दुसरा पहिल्यापेक्षा गोड, तेही चालूच असणार.

तीन वर्षांनी लिहितेय. फोन केला असता तर तू 'हं' म्हणून वहिनीच्या हातात दिला असतास. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला मी, कोण कधी रिसीव्हर दुसऱ्याकडे सरकवणार हे मला श्वासावरून कळतं. पत्राचं तसं नाही. ज्याच्या नावाचं पाकीट, त्यानंच ते फोडावं लागतं.

पहिली बातमी तुझ्या भाचीची. तू जिला लहानपणी 'प्रश्नावली' म्हणायचास, तिच्या संशोधनाचा निकाल लागला. मोठ्या सभागृहात देशोदेशीच्या डॉक्टरांपुढे तिला बोलायला बोलावलं होतं. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसांना, अंगानं बारीक असली तरी, साखर आणि हृदयाचा आजार इतक्या लवकर का गाठतो, यावर ती बोलत होती. पडद्यावर रेघा चढत होत्या, उतरत होत्या. मला निम्मंसुद्धा कळलं नाही. पण शेजारचे पिकल्या केसांचे डॉक्टर भराभर लिहून घेत होते, तेव्हा मी त्यांना हळूच म्हटलं, "ती माझी मुलगी." त्यांनी पेन खाली ठेवून मला नमस्कार केला. खोटं कशाला सांगू दादा, अंगावर मूठभर मांस चढलं.

आता इथल्या सगळ्या दवाखान्यांत कागद लागलाय, की माणूस बारीक दिसतो म्हणून त्याची तपासणी टाळू नका. खाली तिचं नाव नाही. मला राग आला. तिला नाही आला. म्हणाली, "आई, कागद लागला ना, मग झालं." ही पोरगी कुणावर गेलीय कोण जाणे, आपल्या दोघांवर तर नक्कीच नाही.

आता ती रक्त फुकट गेल्याची भानगड. तू तेव्हा अर्धीच ऐकून उठलास, म्हणून उरलेली सांगते.

सुरुवातीला तिच्या पथकानं तपासणीच्या लोकांना सांगितलं होतं, सकाळी रिकाम्या पोटी या, काही खाऊ नका. लोक आले. शहाण्यासारखे रांगेत बसले. आणि रक्तातली साखर बघावी तर अर्धी वस्ती आजारी. काहीतरी चुकतंय हे सगळ्यांना दिसत होतं. तिचा एक सहकारी म्हणाला, लोक थापा मारतात, तसं लिहून टाकू. हिला ते पटेना. ही गेली एका आजोबांकडे, आमच्याच पलीकडच्या गल्लीतले, निवृत्त मास्तर.

"आजोबा, त्या दिवशी सकाळी काही खाल्लं होतं?"

"छे. कडकडीत उपाशी."

"आणि काही प्यायला होतात?"

"चहा. तो काय धरायचा?"

"साखर घातलेला?"

"बिनसाखरेचा चहा आजारी माणसं पितात, बाळ."

"बरोबर बिस्किट वगैरे?"

"एकच. पण ते बुडवलेलं होतं. चावावं लागलं नाही."

घरी आली ती पोट धरून हसत. हसता हसता एकदम म्हणाली, "आई, मी आज सकाळी काय घेऊन निघाले?" मी म्हटलं, "काहीच नाही, तशीच पळालीस." मग माझं मलाच आठवलं, कप तर मीच हातात दिला होता. आपल्याकडे चहा खाण्यात नाही, पिण्यात नाही, तो उठण्यात धरतात.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना सांगितलं, कुणीही खोटं बोललेलं नाही, प्रश्न आपण चुकीचा विचारला. जमवलेलं सगळं रक्त बाद केलं. आणि ज्या ज्या घरातून ते घेतलं होतं त्या प्रत्येक घरी स्वतः गेली, चूक आमची म्हणाली, पुन्हा याल का म्हणून विचारलं. दारं कुणी तोंडावर आपटली, कुणी उघडलीच नाहीत. मग मी फोनवर बसले. प्रत्येकाला आदल्या संध्याकाळी सांगायचं, 'उद्या सकाळी चहासुद्धा नाही हं.' लोक मला चहावाल्या बाई म्हणू लागले.

नेमका त्याच आठवड्यात तू आला होतास. ती आत भांडी लावत होती आणि तू बाहेर म्हणालास, "डॉक्टर होऊन दारोदार रक्ताची भीक मागत फिरते. यासाठी इतकी वर्षं घालवली होय?" जमिनीच्या मोजणीत साखळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं असा तुझा आवाज. आत भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हटलं, तू जन्मभर लोकांचे बांध तुडवलेस ती नोकरी, आणि माझ्या मुलीनं लोकांचे उंबरे झिजवले की ती भीक? तू चहाचा भरलेला कप ठेवून निघून गेलास. तो तिनंच बेसिनमध्ये ओतला. तुला वाईट बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही. मी मात्र तीन वर्षं पुरेल इतकं बोलून घेतलं, भिंतीशी.

असो. तर वाकायची मनाई का, ते.

या दिवाळीनंतर आमच्या गल्लीची पाळी आली तशी मीही गेले. बिनचहाची. डोकं भणभणत होतं. तिथला नियम असा, की नाव झाकायचं आणि नंबर द्यायचा. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त एका वयस्कर डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद. आम्ही त्यांना कुलूपवाले म्हणतो. तपासणाऱ्याला समोरचा कागद राजाचा की रंकाचा कळता कामा नये, आईचा तर नाहीच नाही. हा नियमही तिचाच.

रक्त झालं, मग हृदयाचा स्कॅन झाला. काही दिवसांनी दुपारी मी इस्त्री करत होते, तेव्हा कुलूपवाल्यांचा फोन. "बाई, आजच या. घाबरण्यासारखं नाही, पण उद्यावर टाकू नका." मी म्हटलं, अहो, मी बारीक, रोज चालते, जिने चढते, मला काय धाड भरलीय? ते म्हणाले, हृदयाच्या तीन नळ्या बुजत आल्यात. मी विचारलं, मोठ्या डॉक्टरीणबाईंना माहीत आहे का? ते म्हणाले, "त्यांना नंबर माहीत आहे."

त्या दिवशी सकाळच्या बैठकीत काय झालं ते त्यांनी मला मागाहून सांगितलं. तो स्कॅन हिच्याच पुढे आला होता. इतरांनी आठवड्याच्या शेवटी बोलावू म्हटलं. ही म्हणाली, "आज. आणि नीट समजावून सांगा, धसका देऊ नका. कुणाची तरी आई असेल."

संध्याकाळी ती घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "आई, आज एका बाईंचा जीव वाचेल बहुतेक. वजनकाट्यावर काही दिसत नव्हतं, वेळेवर सापडल्या." मी दवाखान्यात जाऊन, डॉक्टरांना भेटून परत आले होते. म्हटलं, "वाचेल. हात धू आणि बस. त्या बाईंना तुझ्याशी बोलायचंय."

पुढचं लिहीत नाही. ती इतकी रडलेली मी तिच्या वडिलांच्या वेळीही पाहिली नव्हती. मीही रडले, पण दादा, मला आतून काय वाटत होतं सांगू? अभिमान. तिनं मला आई म्हणून वाचवलं असतं तर त्यात काय मोठं, कुठलीही मुलगी वाचवते. तिनं मला कोण कुठली बाई म्हणून वाचवलं.

बायपास झाली, त्याला दीड महिना झाला. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू आला असतास, मला माहीत आहे. पण मी आजारी म्हणून आला असतास. मला तू तिच्यासाठी यायला हवा होतास.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. बाबा गेले तेव्हा लोक म्हणाले, इतका काटक माणूस गेला कसा. काका गेले तेव्हाही हेच म्हणाले. आपण काटक घराणं म्हणून मिरवत राहिलो आणि पन्नाशी-साठीत एकेकाला पोचवून आलो. आता माझं हे. काटक म्हणजे निरोगी नव्हे दादा. हात-पाय बारीक आणि चरबी आत पोटाशी, हेच तर आपल्या माणसांचं दुखणं. तू तर डिट्टो बाबांसारखा. तुझे पट्ट्याच्या भोकाशी चाललेले झगडे वहिनीनं मला सांगितलेत.

या महिनाअखेरीस तिची तपासणीची गाडी तुमच्या गावात येतेय, तुझ्या घरामागच्या शाळेच्या मैदानात. वशिला नाही, गावाची चिठ्ठी निघाली. तिला मी हे पत्र लिहितेय हे माहीत नाही. तू जा. आयुष्यात एकदाच तू चहा न घेता निघालास, तोही रागानं. आता एकदा माझ्यासाठी तसाच नीघ. वहिनीला सांगितलंय, त्या सकाळी चहाची डबी तिच्या ताब्यात.

तिच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. हात तेवढा पुढे कर. मला दुसरा दादा नाही.

तुझी, अजून असलेली,
धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. ऑपरेशन होऊन दीड महिना आणि भावाला पत्ता नाही, यावर भेटीअंती बोलेन. यादी तयार आहे.

तुझ्या वहिनीनं डबी आदल्या दिवशीच लपवली. गरज नव्हती. नंतर तिलाच ती सापडेना, त्यामुळे दोन दिवस घरात कुणालाच चहा नव्हता.

मैदानात गेलो. रांग होती. माझ्यापुढच्या माणसाला ती विचारत होती, "चहा घेतलाय का?" तो म्हणाला, "अर्धाच." तिनं त्याला हसून उद्या यायला सांगितलं. मग मी. तिनं मान वर केली. सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं?" मी म्हटलं, "चहासुद्धा नाही." मी हात पुढे केला. तिनं दंडाला पट्टी बांधली. हात चांगला आहे तिचा. टोचलेलं कळलं नाही.

मागे कुणीतरी कुरकुरत होता, ही कोण बाई, गावोगाव लोकांचं रक्त काढत फिरते. मी मागे वळून सांगितलं, ही माझी भाची आहे, मोठी डॉक्टर आहे, आणि तुझ्या भल्यासाठी उन्हात उभी आहे, गप्प उभा राहा. माझ्या आवाजाबद्दल तू लिहिलंच आहेस. मैदानाच्या टोकापर्यंत गेला असावा. तिलाही ऐकू गेला. बाटलीवर लिहिलेला नंबर तिनं खोडून पुन्हा लिहिला.

काल कुलूपवाल्यांचा फोन आला. माझाही नंबर निघाला. घाबरण्यासारखं नाही म्हणाले, म्हणजे ते सगळ्यांना हेच म्हणतात तर. वेळेवर सापडलो असंही म्हणाले. सोमवारी बोलावलंय. रविवारी तुझ्याकडे उतरतो. त्या दिवशी टाकून गेलो तो कप माझा तुझ्याकडे राहिलाय. बिनसाखरेचा ठेव.

प्रश्नावलीला सांग, तिच्या सगळ्या प्रश्नांना या खेपेला खरी उत्तरं देईन.

तुझा दादा,
अर्थात डॉक्टरीणबाईंचा मामा