भैरवीवरचे नाव

दि. ३ फेब्रुवारी, सोमवार

मी, दत्तराव सखाराम, वय वर्षे शहात्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय शेती, राहणार कुरुंदा, तालुका वसमत, येथील भजनी मंडळाचा सत्तेचाळीस वर्षांपासूनचा पेटीवादक, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो की, आज गावाने माझ्या भैरवीची तारीफ केली आणि ती माझ्या चुलत भावाच्या पदरात टाकली.

हकिकत अशी. सूनबाई रेखा आमच्या हळदीच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करते. भिंतींना बारदाना ठोकला आहे, टेबलावर संगणक आहे. शनिवारी तिने माझी भैरवी घेतली. काल ती गावभर मोबाईलवर फिरली. सूर सुरू होताच पडद्यावर चुलत भावाचे नाव येते: शंकरराव.

पारावर महादू म्हणाला, "शंकरदादाचा हात ऐकला का, दत्तोबा? काय थांबतेत मधी! तुमी बी शिका जरा."

चहा अर्धा टाकून उठलो.

यापुढे त्याला 'शं.' लिहीन. पूर्ण नाव वारंवार लिहिण्याची इच्छा नाही.

दि. ४, मंगळवार

रेखाची जबानी घेतली. खोली सुरू केली तेव्हा हे गाण्याचे सॉफ्टवेअर शं. ने आहेर म्हणून घेऊन दिले. बसवताना संगणकाने नाव विचारले.

"मग त्याचे कसे घातलेस?"

"मामंजी, आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचंच नाव घालतेत ना? तसंच घातलं. ते दर गाण्याला चिकटंल हे मला काय माहीत."

तिला दोष देता येत नाही. आमच्या पितळी परातीवरही शं. चेच नाव आहे. ती मी माळ्यावर ठेवली आहे, हा भाग वेगळा.

पुढच्या गाण्यांवरचे नाव ती हाताने बदलू शकते म्हणाली. गेलेले गाणे परत येत नाही. आणि संगणक उघडला की सॉफ्टवेअरच्या परवान्यावरचे नाव दिसणारच.

दि. ५, बुधवार

मुद्दाम खोलीत जाऊन बसलो. रेखाने बटण दाबले. प्रथम निळा पडदा, मग ठळक अक्षरात तो. माझ्या घरात, माझ्या बारदान्यात.

दिवसातून तीनदा उघडते म्हणे.

दि. ९, रविवार

भजन. पेटीवर एक रविवार मी, एक रविवार शं. आज त्याची पाळी. लोकांनी 'ती मोबाईलवाली' भैरवी मागितली. मला वाटले, आता तरी सांगेल.

सांगितले नाही. वाजवली. आणि अंतऱ्याच्या आधी थांबला, बरोबर माझ्याइतकाच. मंडळी माना डोलवू लागली.

तो थांबा माझा आहे. त्याहून अधिक येथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही: शनिवारी अंतऱ्यापाशी माझी अनामिका आखडली. बोट मोकळे होईपर्यंत भाता ओढत राहिलो. त्यालाच गाव कला म्हणते. ती कलाही त्याची.

जेवण गेले नाही.

दि. ११, मंगळवार

कंपनीस अर्ज. मी सांगितला, रेखाने त्यांच्या भाषेत करून धाडला. कलमे:

एक. सॉफ्टवेअर बसवताना वीज गेल्यास जेथे थांबले तेथून पुढे चालावे. रेखाला चार वेळा पहिल्यापासून बसवावे लागले.

दोन. गावात इंटरनेट दोन-दोन दिवस नसते. तेवढ्यावरून परवाना नाही म्हणून काम अडवू नये.

तीन. नाव विचारताना ते देणाऱ्याचे, वापरणाऱ्याचे की वाजवणाऱ्याचे, हे स्पष्ट विचारावे. तिन्हींना वेगळे रकाने असावेत. चुकलेले नाव दुरुस्त करण्याची सोय असावी.

रेखा म्हणाली, "तिसरं कलम लई भारी झालं, मामंजी." मी मान हलवली. ते सुचायला मला आठ दिवस जळावे लागले.

दि. १७, सोमवार

उत्तर आले. पहिली दोन कलमे संबंधितांकडे पाठवली आहेत. नाव बदलता येते, पण एकदाच. त्यासाठी लागणारा गुप्त आकडा जुन्या नोंदीतल्या मोबाईलवर येईल.

म्हणजे शं. च्या.

त्याच्या उंबऱ्यावर मागायला जाणे आले. आठवडाभर हळद उकडण्याचे काम आहे, असे घरात सांगितले. काम गडीच करतात.

दि. २३, रविवार

गेलो. रेखा संगणक पिशवीत घेऊन बरोबर. शं. ओसरीवर बसलेला.

"ये दत्त्या. वाट पाहून राहिलो."

मी म्हणालो, "सदरहू भैरवीवरील नावाबाबत..."

"कोर्टात आल्यावानी बोलू नको. बस."

"लोकांना सांगितले का नाहीस?"

तो सुपारी कातरू लागला. "सांगणार व्हतो. पन मला मधी कोनी वा म्हणलंच न्हाई कधी. तुला म्हणायचे. मी शेजारी टाळ धरून ऐकायचो. म्हणलं दोन दिस ठिवून घ्यावं. मग ठिवूनच बसलो." अडकित्ता खाली ठेवला. "तो थांबा कसा सुचला रे तुला? मी तीन हप्ते तेच घोटून राहिलो. अजून तुझ्यावानी येत न्हाई."

"सुचला," मी म्हणालो.

हे असत्य आहे. येथे नमूद करतो.

रेखाने संगणक उघडून नाव बदलायची मागणी धाडली, तसा शं. चा मोबाईल वाजला. शं. ने चष्मा लावून सहा आकडे एकेक करून वाचले, रेखाने दाबले. त्याचे नाव गेले. पाहताना मला जितके बरे वाटायला हवे होते तितके वाटले नाही. तो माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होता.

रिकामा रकाना आला. रेखा म्हणाली, "काय घालू, मामंजी? एकदाच घालता येतंय. देणाऱ्याचं तर निघालं. आता वाजवणाऱ्याचं, का..."

पदराने पडदा पुसू लागली. तो स्वच्छच होता.

शं. हसला. "घाल की दत्त्याचं. त्यासाठीच आलाय."

माझे नाव माझ्या जिभेवर होते. चार वेळा कोणी बसवले, ते अर्ज सांगताना मीच सांगितले होते, तेही आठवले. आणि लिहिताना लाज वाटते, पण ज्या मत्सराने शं. चे नाव वाचले, त्याच मत्सराने क्षणभर तिच्याकडे पाहिले.

"सांगतो," म्हणालो. नवे नाव भरायला कंपनीची मुदत सात दिवसांची आहे. रकाना आज कोरा.

घरी आल्यावर शं. च्या नावाची परात माळ्यावरून उतरवून घेतली.

वरील प्रकार घडताना समक्ष हजर: शंकरराव गंगाराम, चुलत भाऊ, वय चौऱ्याहत्तर, पेटीवादक. रेखा, सून. तिच्या नावापुढे काय लिहावे, त्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.