अर्धी टाकी गरम पाणी

मंगळवार, ४ मार्च

आले एकदाची! जीपवाल्याने सामान उतरवून दिलं, किल्ली हातात ठेवली आणि धुरळा उडवत गेला. माझं नवं घर चाकांवरचं आहे, पण चाकं इतकी मातीत रुतलीत की पळून जायची भीती नाही. एक पलंग, एक शेगडी, दोन कप, आणि टोकाला पत्र्याच्या दाराची न्हाणी. बाहेर नजर पोचेल तिथवर सपाट माळ आणि मधोमध वारा मोजायचा उंच खांब. खांबाखालच्या पेटीतले आकडे सकाळ-संध्याकाळ उतरवून घ्यायचे, काचेवरची धूळ पुसायची, एवढंच काम. वीज त्या पेटीपुरती. फोनला रेंज नाही.

दादा म्हणाला, या वयात हे काय खूळ. वहिनीने माझी खोली त्याच दिवशी टेप लावून मोजली.

या घराची खरी गंमत छपरावर आहे. तिथे काळी टाकी आहे आणि तिच्याभोवती काळ्या नळीचं वेटोळं. सकाळी हातपंपाने टाकी भरायची, दिवसभर उन्हात तापू द्यायची आणि उन्हं कलली की शॉवर सोडायचा. टाकीच्या अंगाला काचेची नळी आहे, पाणी किती उरलंय ते अंगणातूनच दिसतं. दादाकडे आंघोळीला आधी दादा, मग मुलं, मग वहिनी, पाहुणे असले तर पाहुणे, आणि मग मी. जन्मभर कोमट पाण्यावर भागवलं. आता अख्खी टाकी माझ्या एकटीची!

बुधवार, ५ मार्च

काय आंघोळ झाली म्हणून सांगू! दार कुणी वाजवत नव्हतं, 'आटप आता' म्हणत नव्हतं. पण सवय कसली जाते? निम्मी टाकी संपल्याबरोबर हात आपोआप कॉककडे गेला आणि पाणी बंद केलं. अंग पुसून बाहेर आले आणि चक्क ओरडले, झालं गं माझं, पाणी ठेवलंय, जा आता! आमच्याकडे हे ओरडल्याशिवाय न्हाणीतून कुणी बाहेर पडत नाही. नाही ओरडलं तर सगळं पाणी संपवलं असं धरतात आणि मग दिवसभर ऐकवतात.

इथे ऐकायला कुत्रंसुद्धा नव्हतं. एकटीच खो-खो हसले. चिमीला सांगायला हवं. चिमी म्हणजे दादाची लेक. नोकरीला लागली तरी मी तिला चिमीच म्हणते, बाकी कुणी म्हणत नाही. निघताना फाटकापर्यंत सोडायला आली ती तेवढीच.

शनिवार, ८ मार्च

खरं सांगायचं तर संध्याकाळ खायला उठते. परवापासून मी पेटीतले आकडे मोठ्याने वाचते, तेवढाच माणसाचा आवाज. आणि रोज आंघोळ झाली की ती हाक मारते. वेडेपणा आहे, ठाऊक आहे. पण हाक मारली की घरात कुणीतरी आहे असं क्षणभर वाटतं.

काल चहा घेऊन बाहेर आले तर काचेची नळी रिकामी. मागे ठेवलेलं पाणी गेलं कुठे? न्हाणीत पाहिलं, मी पुसून कोरडी केलेली फरशी ओली होती. टाकी गळत असणार. आज जीपवाला आठवड्याचं सामान घेऊन आला तेव्हा त्याला छपरावर चढवलं. म्हणाला, ताई, सगळं ठणठणीत कोरडं आहे.

मग बोलता बोलता त्याने मागच्या राखणदाराचं सांगितलं. त्यालाही पाण्याचं काहीतरी झालं होतं. शेवटी शेवटी तो आंघोळच करेना, त्याला जीपमध्ये घेतलं की सगळ्या काचा उघड्या ठेवायला लागायच्या. का करत नाहीस विचारलं तर म्हणायचा, नंबर लागेल म्हणून भीती वाटते. आम्ही दोघंही हसलो. मग कळलं की एका शनिवारी तो इथे नव्हताच. कपडे होते आणि चपला न्हाणीच्या दारात होत्या. कंटाळून चालत मोठ्या रस्त्याला लागला असेल, असं जीपवाल्याचं म्हणणं. अनवाणी?

चिमीला त्याच्याकडे निरोप दिला. पुढच्या शनिवारी जीपमधून ये आणि चार दिवस राहा. लिहितानाच बरं वाटतंय.

मंगळवार, ११ मार्च

रविवारपासून आभाळ भरलेलं आहे, ऊन नावालाही नाही. गार पाण्याची तयारी करून शॉवर सोडला, तर पाणी गरम. उन्हाने तापतं तसं नाही. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं गरम.

तरी आंघोळ केली. निम्मं ठेवलं. हाकही मारली.

चहा ठेवत होते तेव्हा न्हाणीत शॉवर सुरू झाला. मी शेगडीशी तशीच उभी. कुणीतरी अंगावर पाणी घेत होतं, मध्ये थांबत होतं, पुन्हा घेत होतं. पळायला हवं होतं मी. आणि तरीही, कुणाला सांगायचं नाहीये म्हणून लिहिते, मी फळीवरून दुसरा कप काढला. कुणीतरी आहे या विचाराने मला बरं वाटलं. इतकी एकटी पडलेय मी.

आवाज थांबल्यावर दार ढकललं. आत कुणी नव्हतं.

बुधवार, १२ मार्च

आज आतल्या कुणीतरी माझ्या आधी आंघोळ केली. मी आकडे घेऊन परत आले तोवर टाकी अर्धी झालेली. न्हाणीचं दार जरासं उघडं, वाफ बाहेर येतेय. आणि आतून माझा आवाज आला. अगदी माझाच, शेवटी चिरकतो तसा. झालं गं माझं, पाणी ठेवलंय, जा आता.

मी गेले नाही. दाराबाहेर बसून राहिले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा, जरा लाडाने.

त्या राखणदाराचा नंबर लागला होता. आता माझा आहे.

गुरुवार, १३ मार्च

कॉक उघडून अख्खी टाकी मातीत सोडली. पंपाला हात लावला नाही. दुपारी नळी पुन्हा काठोकाठ. छपराला हात लावला, गरम.

आत जात नाही. आंघोळ नाही. हाका चालूच आहेत.

संध्याकाळी हाका थांबल्या आणि आतून विचारलं, माझ्याच आवाजात, शनिवारी कोण येणार आहे. मी कानांवर हात दाबून धरले. पण मनात नाव आलंच — ते कसं आवरणार?

त्यानंतर मला एकही हाक नाही.

शुक्रवार, १४ मार्च

मीच बोलावलं तिला. माझ्या एकटेपणापायी. उद्या उजाडताच रस्त्यावर जाऊन उभी राहणार, जीप तिथूनच परत फिरवणार. तिला इथे पाऊल टाकू द्यायचं नाही.

आत शांत आहे. नळीत पाणी पूर्ण भरलेलं. वाट बघतंय.

शनिवार, १५ मार्च

चुकामूक झाली. मी रस्त्यावर, आणि ते मागच्या गाडीवाटेने पोचले. धावत आले तोवर जीप निघून गेलेली. चिमी अंगणात, केसांत धूळ, खांद्यावर टॉवेल. म्हणाली, आत्या, गरम पाण्याचं इतकं कौतुक ऐकलंय, आधी आंघोळ.

नको म्हटलं. हात धरला. तिला गंमत वाटली. म्हणाली, जन्मात पहिल्यांदा मिळालंय तर वाटून घ्यायचं नाही वाटतं?

काय सांगणार होते? सुचलं तेच केलं. तिच्या आधी आत शिरले, कडी लावली. आकड्यांसाठी खिशात असते ती ही वही —

संपवते सगळं पाणी. थेंब ठेवत नाही. म्हणजे तिचा नंबर येणारच नाही. शॉवर पूर्ण सोडलाय — संपत नाहीये —

दार वाजवतेय. आत्या, झालं का? मी ओरडले, पळ, रस्त्याकडे पळ. ती विचारतेय, बोलत का नाहीस? मी ओरडतेय तरी — तिला ऐकूच जात नाही —

माझ्या मागून कुणीतरी बोललं. झालं गं चिमे. ये.

मी नाही बोलले. ओठ दाताखाली दाबून धरलेत, रक्त येतंय — तरी माझाच आवाज —

ती हो म्हणाली. हसतेय.

कडी धरून ठेवलीय. माझ्या हातावर दुसरा हात आहे. ओला, गरम. कडी वर — चिमे नको, चिमे, ती मी ना