तुझ्यासाठी थांबलेलं गाणं

बर्मिंगहॅम, अलाबामा

प्रिय लूशस,

काल म्युझियम बंद झाल्यावर तिथे आपल्या काळ्या लोकांचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होता. त्रेसष्ट सालच्या आपल्या हक्कांच्या मोर्च्यात पोलिसांनी चेपलेला तुझा ट्रम्पेट आता तिथे काचेत ठेवलाय. आपल्या चर्चच्या बँडने तुझं आवडतं भजन धरलं आणि तू एकटा वाजवायचास त्या जागी सगळी वाद्यं थांबली, नुसत्या टाळ्या चालू राहिल्या. ठरलेलं काहीच नव्हतं.

नव्वदीची रूबीमावशी मागून ओरडली, "वाजव रे पोरा! आम्हाला कुठे घाई आहे?"

सगळे हसले, पण टाळ्यांचा ठेका कुणी सोडला नाही.

तुरुंगातून सुटून शिकागोची बस पकडताना म्हणाला होतास, "पोचलो की बोलावतो." मेल्या, अजून तुझा पत्तासुद्धा नाही माझ्याकडे.

ठेका चालू होता तोवर सगळे ट्रम्पेटकडे बघत होते. मी दाराकडे.

अजून तुझीच,
ओडेसा