जंतूच्या बारशाचा मान

तीर्थस्वरूप यमुताईस,

धाकट्या गिरिधरचा वाकून नमस्कार (कंबर लचकली आहे, म्हणून अर्धाच वाकलो, उरलेला समजून घे). तुझे गुडघे कसे आहेत? नरखेडला संत्र्याचा आंबिया बहार टिकला का? फोनच केला असता, पण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं गावाला सांगतेस.

ताई, मी हादरलोय. आपल्या मयुराने समुद्रातला नवा जंतू शोधला. (नागपूरच्या पोरीला समुद्र कशाला हवा होता, देव जाणे.) रत्नागिरीकडच्या खाडीतला चिखल डबीत भरून आणला, त्यात हा निघाला. इथवर ठीक. पण शोधणाऱ्याने नाव ठेवायचं असतं म्हणे, आणि कार्टीने माझं ठेवलं! 'गिरिधरी'! पाणीपुरवठा खात्यात जन्मभर टाकीत ब्लिचिंग पावडर ओतून ज्याने जंतू मारले, त्याच्याच नावाचा जंतू!

त्याहून भयंकर त्याचं वर्णन. जंतू नुसता सापडून भागत नाही. काय खातो, कसा राहतो, सगळं तपासून लिहावं लागतं (स्थळाची चौकशी करतो तसंच). मयुराने ते आईला मराठीत वाचून दाखवलं. जागचा हलत नाही, साखर पचत नाही, मिठाशिवाय जगत नाही, जरा ऊन वाढलं की मान टाकतो. शामला पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवो, हे तं तुमचीच कुंडली होय!" मी तेव्हा कूलरसमोर खुर्चीत बसून काकडीवर मीठ भुरभुरवत होतो, त्यामुळे वादही घालता आला नाही. औषधाच्या दुकानातला गोलू तर भर गिऱ्हाइकांत विचारतो, "काका, तुम्ही कोणाले झाले तं गोळी कोणती द्याची?" आता महाल पेठेत तोंड कसं दाखवू?

आपल्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. मयुराचंही तूच ठेवलंस, पाठीत बुक्के खाऊन. तेव्हा तिला हक्काने दटाव आणि दुसरं कुठलंही नाव सुचव. महिनाअखेरीस तिचा पेपर छापायला जायचा आहे, मग नाव बदलत नाही.

तुझा, अजून तरी माणूसच असलेला,
गिरिधर

ता.क. जंतू निरुपद्रवी आहे. बोटींचं सांडलेलं तेल खाऊन पाणी साफ करतो. म्हणजे आमच्याच खात्यातला म्हणायचा.

आणखी ता.क. पाकीट चिकटवताना मयुरा म्हणाली, "बाबा, पाण्यात न दिसणारे जीव राह्यतात हे मले पहिल्यांदा तुम्हीच सांगितलं, म्हणून तुमचं नाव. नकोच असन तं आत्याचं ठेवते." म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. ताई, तिने विचारलं तर तू साफ नाही म्हण. सगळे मान तुझेच, पण एवढा एक जंतू मला राहू दे.